हायस्कूलमध्येच कॉलेजचे कोर्स? या चुका टाळा

ड्युअल एनरोलमेंट, म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे कोर्स करणं, म्हटलं की अमेरिकेतले आपण मराठी पालक मनातल्या मनात त्याचा अर्थ 'क्लास लावणे' असा करून टाकतो. पहिली चूक तीच. क्लास नाही झेपला तर सोडला, विषय संपला. कम्युनिटी कॉलेजचा (स्थानिक, दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजचा) कोर्स मात्र ड्रॉपची तारीख उलटल्यावर सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रकावर, 'डब्ल्यू' (विथड्रॉवल, कोर्स सोडल्याची खूण) उमटतो आणि तिथेच राहतो.

आमच्या लेकाने अकरावीत केमिस्ट्री घेतली. दिवसभर शाळा, मग रोबोटिक्स, वर संध्याकाळी तीन तासांची लॅब. ऑक्टोबरात गाडी घसरली. मी शाळेच्या सवयीने थेट प्रोफेसरबाईंना ईमेल केला. त्यांचं उत्तर नम्र, पण दोनच ओळींचं: विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय काही सांगता येणार नाही. 'फर्पा' कायद्याने कॉलेजच्या नोंदींवरचा हक्क विद्यार्थ्याचा, मग तो सोळा वर्षांचा का असेना. शेवटी 'सी' आला. आता साहेबांना डॉक्टर व्हायचंय, आणि मेडिकल स्कूलच्या अर्जात हायस्कूलमध्ये केलेले कॉलेजचे कोर्सही दाखवावे लागतात!

'क्रेडिट कुठेही चालतात' हाही गोड गैरसमज. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजचा कुठला कोर्स यूसी किंवा सीएसयू या सरकारी विद्यापीठांच्या कुठल्या कोर्सच्या जागी धरतात ते असिस्ट डॉट ऑर्गवर दिसतं. नाव नोंदवण्याआधी बघा. हायस्कूल डिप्लोमासाठी मोजलेल्या कोर्सचं क्रेडिट बऱ्याच नामांकित खासगी विद्यापीठांत मिळत नाही. तिथे एक ईमेल टाकून विचारलेलं बरं.

एपी (शाळेतच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा कोर्स) की कॉलेज? एपीचा निकाल मे महिन्यातल्या परीक्षेवर लागतो, आणि स्कोअर कमी आला तर बऱ्याच ठिकाणी तो कळवावाही लागत नाही. कॉलेजात सेमिस्टरभराचं काम मोजतात. परीक्षेत हातपाय गाळणाऱ्या पण रोज नेटाने बसणाऱ्या मुलाला कॉलेज मानवतं. आमच्या थोरल्याचं बरोबर उलटं, हे मला उशिरा उमगलं.

फी बऱ्याच ठिकाणी माफ असते, पण पुस्तकं आणि गाडीची ने-आण आपल्याच माथी.

कोर्स आधीच अडकलाय? आधी कॉलेजच्या कॅलेंडरवर दोन तारखा शोधा: कुठवर सोडला तर मागमूस राहत नाही, आणि कुठवर निदान 'डब्ल्यू'वर भागतं. मग शाळेच्या काउन्सेलरला विचारा, कारण त्याच कोर्सवर डिप्लोमाची एखादी अट टेकलेली असू शकते. प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सना मुलालाच धाडा. तुम्ही गाडीत बसा.

धाकटीने यंदा एकच कोर्स घेतलाय, स्टॅटिस्टिक्स. ड्रॉपची तारीख तिने स्वतः लाल पेनाने लिहून फ्रिजवर गणपतीच्या मॅग्नेटखाली लावलीये.