'अगापे'पाशी मी अडकलो होतो

शब्दांची नाती लावत बायबल वाचायला लागलं की सुरुवातीचे महिने फार आनंदात जातात. रोमकरांस पत्र 6:23 घ्या. एकीकडे वेतन आणि मरण, दुसरीकडे कृपादान आणि जीवन. वेतनासाठी तिथे मूळ ग्रीकमध्ये 'ऑप्सोनिया' आहे, सैनिकांच्या पगाराचा शब्द. पगार कमवावा लागतो, दान कमावता येत नाही. ही जोडी वहीत समोरासमोर मांडली तेव्हा लहानपणी पाठ केलेलं वचन मला पहिल्यांदा उमगलं.

त्याच भरात मी फसलो. प्रेमासाठीचे दोन ग्रीक शब्द, 'अगापे' म्हणजे देवाचं निःस्वार्थ प्रेम आणि 'फिलेओ' म्हणजे नुसती मैत्री, हे समीकरण उचलून मी अख्खा पाठ घेतला. पाठ संपल्यावर मंडळीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी 2 शमुवेल 13:15 उघडून पुढे ठेवलं. सावत्र बहीण तामार हिच्यावर बलात्कार केल्यावर दावीद राजाचा मुलगा अम्नोन याला तिच्याविषयी आधीच्या प्रेमापेक्षा मोठा द्वेष वाटला. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात त्या 'प्रेमा'ला शब्द आहे अगापे! पिता पुत्रावर प्रीती करतो, हे योहान 3:35 मध्ये अगापेच्याच क्रियापदाने येतं आणि 5:20 मध्ये फिलेओने. पुढच्या आठवड्यात सगळ्यांसमोर चूक कबूल केली. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

म्हणून कळकळीने सांगतो, शब्दाच्या पोटात अर्थ कायमचा बसलेला नसतो, तो वाक्यात ठरतो. शब्दकोशातल्या यादीतून सोयीचा अर्थ उचलू नका. 'पश्चात्ताप' फोडला की मागाहून होणारा ताप निघतो, त्यासाठीचा ग्रीक शब्द 'मेटानोइया' फोडला की मन पालटणं. दोन्ही सुंदर, पण पश्चात्ताप करा म्हणताना योहान बाप्तिस्मा करणारा काय मागत होता ते लूक 3 मधले दोन अंगरखे सांगतात. ज्याच्याकडे दोन आहेत त्याने एक द्यावा.

घाबरून सोडू मात्र नका. चुका सगळ्यांच्या होतात. वाहवा करणाऱ्यापेक्षा वचन उघडून दाखवणारा मार्गदर्शक शोधा.

उपमांचंही तसंच. त्रैक्यासाठी, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हे समजवायला, पाणी, बर्फ, वाफ हे उदाहरण मला अजिबात पटत नाही. तेच पाणी एका वेळी एकाच रूपात असतं, येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी मात्र पुत्र पाण्यात, आत्मा उतरतोय आणि पित्याची वाणी ऐकू येतेय. पौलाने आदामाला ख्रिस्ताचं प्रतिरूप म्हटलं, आणि लगेच रोमकर 5:15 मध्ये कृपादान आदामाच्या अपराधासारखं नाही हेही सांगितलं. आता माझ्या वहीत प्रत्येक उपमेखाली 'इथे जुळत नाही' अशी एक ओळ असते.