अंबाडीची तीन नावं

माझी नात सात वर्षांची. तिच्या लेखी भाजी म्हणजे बटाटा आणि फळ म्हणजे सफरचंद. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून दर रविवारी सकाळी मी तिला सोलापूरच्या लक्ष्मी मंडईत नेते. दर खेपेला एक अनोळखी जिन्नस तिनं निवडायचा आणि विकणाऱ्या मावशींना तिनंच विचारायचं, "हे काय आहे? कसं करायचं?" तक्त्यावरची चित्रं बघून भाजी कळत नाही, पान चुरडून वास घ्यावा लागतो.

सुरुवात अंबाडीपासून करा. लालसर देठ, बोटांसारखं फाटलेलं पान, चावलं की आंबट. मावशी अंबाडीला कानडीत पुंडी म्हणाल्या, आमच्या शेजारच्या तेलुगू काकू पुंटिकूर म्हणतात. सोलापुरात एका गल्लीत तीन भाषा नांदतात, तेव्हा नावं तिन्ही भाषांत विचारून घ्या. मुलांना ती छान लक्षात राहतात. पानं आधी उकडून पाणी काढून टाकायचं. त्यानं आंबटपणा उतरतो, मुतखड्याला कारण ठरू शकणारं ऑक्झालेटही कमी होतं. मग शिजलेली तूरडाळ, ज्वारीच्या कण्या घालून घोटायचं आणि वरून भरपूर लसणाची फोडणी. मुतखड्याचा त्रास असेल त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच खावी.

पालेभाज्यांत लोह असतं, पण ते सहज अंगी लागत नाही. क जीवनसत्त्वाची जोड मिळाली तर जास्त शोषलं जातं, म्हणून पालेभाजीवर लिंबू पिळा किंवा सोबत पेरूची फोड द्या. आणि जेवण झाल्या झाल्या चहा नको, चहामुळे लोह कमी शोषलं जातं. आमच्याकडे ही सवय मोडायला फार वेळ लागला, पण मोडली.

चाकवत ओळखायचा तर कोवळ्या पानाची मागची बाजू बघा, पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी दिसते. घोळीचं पान जाड, रसरशीत. तिच्यात ओमेगा-३ प्रकारची स्निग्धाम्लं असतात, पालेभाज्यांत हे विशेषच. शेपू तर डोळे मिटूनही ओळखता येतो.

फळांत आमचा मान डाळिंबाला. सोलापूरजवळच्या केगावला 2005 पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे आणि सोलापूरच्या डाळिंबाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. निवडताना गोल गरगरीत, चकचकीत फळाला भुलू नका. पिकलेल्या डाळिंबाच्या बाजू जराशा चपट्या होतात, कंगोरे हाताला लागतात. एकाच आकाराची दोन फळं दोन हातांत धरा, जड लागेल ते रसाळ. आणि कृपा करून रस काढून गाळू नका. दाणे चावून खाल्ले की चोथाही पोटात जातो, आणि पोटाला तो हवाच असतो.

सीताफळाचे डोळे उघडून मधल्या रेषा पिवळसर दिसू लागल्या की ते उतरवण्याजोगं झालं. बिया मुलांना फोडू देऊ नका, त्यांची भुकटी डोळ्यांना घातक असते.

घरी आल्यावर नात एक पान वर्तमानपत्रात दाबून ठेवते, वाळलं की वहीत चिकटवते आणि खाली नावं लिहिते. अंबाडीखाली तीन आहेत. घोळीखाली एकच आहे, बाकीची दोन ती येत्या रविवारी मावशींना विचारणार आहे.