शेंबूड हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक? सर्दी-फ्लूमधील या चुका टाळा

नाक वाहू लागते, घसा खवखवतो, अंगात कणकण येते आणि आपण या सगळ्यालाच आजार समजून ते एकदम बंद पाडण्याच्या मागे लागतो. पण यातला बराचसा त्रास विषाणूशी झुंजणाऱ्या आपल्याच प्रतिकारयंत्रणेमुळे होत असतो. ती काय करते आहे हे ठाऊक नसले, की औषधे चुकतात.

सर्वांत जास्त दिसणारी चूक शेंबडाच्या रंगावरून होते. आरंभी पाण्यासारखे वाहणारे नाक दोन-तीन दिवसांत घट्ट, पिवळे-हिरवे होते आणि "इन्फेक्शन वाढले" असे म्हणून घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू केल्या जातात. हा रंग मुख्यतः न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींमधील लोहयुक्त, हिरवट विकराचा (एन्झाइमचा) असतो, आणि या पेशी विषाणूजन्य सर्दीतही मोठ्या संख्येने नाकात उतरतात. रात्रभर साचून दाट झालेला शेंबूड सकाळी रुमालावर गडद दिसतो आणि तोच दुपारी पातळ व फिकट होतो, यातही घाबरण्यासारखे काही नाही. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही. विनाकारण घेतल्यास आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरतात आणि औषधाला दाद न देणारे जिवाणू मागे उरतात.

दुसरी चूक तापाची. कपाळ गरम असूनही हुडहुडी भरते, कारण मेंदूतील हायपोथॅलॅमसने शरीराचे ठरलेले तापमान वर नेलेले असते आणि तिथवर पोहोचण्यासाठी स्नायू थरथरून उष्णता निर्माण करतात. वाढलेल्या तापमानात अनेक विषाणूंची वाढ मंदावते, त्यामुळे माणूस बऱ्यापैकी हुशारीत असेल तर किंचित ताप लगेच उतरवण्याची गरज नसते. मात्र अंग फार दुखत असेल, झोप लागत नसेल, तर पॅरासिटामॉल घेण्यात काहीच गैर नाही. सर्दीच्या अनेक मिश्र गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असते, म्हणून वेष्टनावरील घटक वाचल्याशिवाय दोन्ही एकत्र घेऊ नयेत, कारण अतिरेकाने यकृताला गंभीर इजा होते. मुलांना अॅस्पिरिन स्वतःहून कधीही देऊ नये. फ्लूमध्ये त्यामुळे रे सिंड्रोम हा दुर्मीळ पण जीवघेणा विकार उद्भवू शकतो.

नाक चोंदते ते आतल्या रक्तवाहिन्या फुगल्यामुळे. झायलोमेटाझोलिनसारखे थेंब त्या आकुंचित करतात, परंतु पाच दिवसांहून जास्त वापरल्यास थेंब थांबवताच नाक पूर्वीपेक्षा अधिक चोंदते. मिठाच्या पाण्याचा (सलाईनचा) फवारा वापरावा, आणि एकेक नाकपुडी हलकेच शिंकरावी.

बरे वाटले की लगेच कामावर धावणे ही चूक स्वतःपुरती राहत नाही. नव्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार व्हायला साधारण आठवडा लागतो, आणि फ्लूचा रुग्ण लक्षणांच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस इतरांना संसर्ग देऊ शकतो. सर्दी ओसरल्यावरही खोकला तीन आठवड्यांपर्यंत रेंगाळतो. सोललेले श्वासमार्गाचे अस्तर भरून यायला तेवढा वेळ लागतो.

वाट पाहू नये अशाही वेळा आहेत. दम लागणे, छातीत दुखणे, गोंधळल्यासारखे होणे, तीन महिन्यांखालील बाळाला ताप येणे, किंवा आजार उतरणीला लागून पुन्हा ताप चढणे, म्हणजे बहुधा न्यूमोनियाची शंका, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. गर्भवती, वृद्ध आणि दम्याच्या रुग्णांनी फ्लूची शंका येताच जावे, कारण ओसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरील औषध पहिल्या 48 तासांत सुरू केल्यास सर्वाधिक उपयोगी पडते.