सॅन स्टॉर्मचा क्लच उतरवताना बिग एंड बेअरिंगचीही तपासणी करावी

गोव्यात तयार झालेल्या सॅन स्टॉर्म या दोन आसनी स्पोर्ट्स कारमध्ये रेनॉचे १,१४९ सीसीचे इंजिन आहे. कोल्हापूरहून करूळ किंवा आंबा घाटात तिला वारंवार हाफ क्लचवर (क्लच अर्धा दाबून) चालवले, की क्लच प्लेट लवकर झिजते. गिअरबॉक्स उतरवण्याचे कष्ट घेणारच असाल, तर त्याच वेळी ऑइल चेंबर उघडून बिग एंड बेअरिंगही, म्हणजे पिस्टनच्या कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडील टोकाची बेअरिंग, पाहून घ्यावीत, असा माझा आग्रह आहे.

प्रथम बॅटरीची तार काढावी. जॅक आणि स्टँड फायबरच्या बॉडीला न लावता चासीला लावावेत आणि केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. ऑइल काढताना त्यात तांबूस किंवा चंदेरी कण दिसले, तर बेअरिंगची तपासणी टाळता येणार नाही.

कनेक्टिंग रॉडच्या कॅप काढण्यापूर्वी प्रत्येक रॉडवर आणि त्याच्या कॅपवर सिलिंडरचा क्रमांक व दिशा यांची खूण करावी, कारण ही जोडी एकत्र मशीन केलेली असते आणि कॅपची अदलाबदल झाल्यास भोक गोल राहत नाही. शेलच्या, म्हणजे बेअरिंगच्या अर्धगोल पट्टीच्या, पृष्ठभागावर तांबे उघडे पडलेले असेल किंवा नखाला जाणवतील असे खोल ओरखडे असतील, तर शेल बदलावेत. मात्र केवळ शेल बदलून भागत नाही. क्रँकचे जर्नल, म्हणजे बेअरिंग ज्यावर बसते तो गोल भाग, मायक्रोमीटरने दोन काटकोनी दिशांना मोजावे. ते मर्यादेबाहेर लंबगोल झाले असेल, तर नवे शेलही फार काळ टिकणार नाहीत. मग इंजिन खाली घेऊन क्रँक कोल्हापूरच्या उद्यमनगरात ग्राइंडिंगला द्यावी आणि ग्राइंडिंगच्या मापाचेच अंडरसाइज (बारीक झालेल्या जर्नलसाठीचे) शेल घ्यावेत. कॅप घासून जर्नल व शेलमधील फट कमी करण्याचा जुना उपाय कोणी सुचवला, तरी तो करू नये.

जर्नल चांगले असल्यास शेलची पाठ कोरडी व स्वच्छ ठेवून तो बसवावा. कोरड्या जर्नलवर प्लास्टिगेजचा (फट मोजण्याच्या मऊ प्लास्टिक दोऱ्याचा) तुकडा ठेवून कॅप मॅन्युअलमधील टॉर्कला आवळावी आणि क्रँक न फिरवता पुन्हा काढावी. चेपलेल्या तुकड्याच्या रुंदीवरून फट कळते. ती योग्य असेल, तर तुकडा पुसून शेलच्या आतील बाजूस ऑइल लावावे आणि कॅप कायमची आवळावी. बोल्ट एकदाच वापरायचे असतील, तर या वेळी नवे घालावेत.

क्लचचे काम त्यामानाने सरळ आहे. जुन्या प्लेटच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती हवेने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक तडे असतील, तर ते तपासून घ्यावे. क्रँकचे मागचे ऑइल सील आणि रिलीज बेअरिंग (क्लच दाबल्यावर प्रेशर प्लेटला ढकलणारे बेअरिंग) जुने ठेवू नये, कारण त्यांच्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवणे फार महाग पडते. प्लेटची दिशा पाहून ती सेंटरिंग टूलने मधोमध धरावी आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळावेत. गिअरबॉक्सचे वजन प्लेटवर लटकू देऊ नये.

पावसाळ्यात उघडे जर्नल एका रात्रीतही गंजू शकते, म्हणून काम अर्धवट राहणार असल्यास त्यावर ऑइलचा हात फिरवून ठेवावा. शेवटी नवे फिल्टर व ऑइल भरून, स्पार्क प्लग काढून, इग्निशन व इंधनपुरवठा बंद ठेवून ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारावा. मगच इंजिन सुरू करावे.