तालमुदाचं पहिलं पान कसं वाचावं?

बॅबिलोनियन तालमुद, म्हणजे ज्यू धर्मनियमांवरच्या चर्चांचा प्राचीन ग्रंथ, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढायचा बेत असेल, तर तो तूर्त बाजूला ठेवा. पानं आहेत 2,711. रोज एक पान वाचण्याचा जो उपक्रम रब्बी (ज्यू धर्मगुरू) मेइर शापिरो यांनी 1923 साली व्हिएन्नात मांडला, त्यातसुद्धा एका फेरीला साडेसात वर्षं लागतात. नवख्याने एकच पान घ्यावं आणि त्याच्याशी नीट झटापट करावी.

हे घरबसल्या जमतं ते मुख्यतः एका माणसामुळे. तालमुदाची मूळ संहिता हिब्रू-अरामी मिश्र भाषेत आहे. तिला ना स्वरचिन्हं, ना विरामचिन्हं. गुरूवाचून तिच्यात पाऊल टाकणं अवघड. जेरुसलेमचे रब्बी आदिन स्टाइनसाल्ट्झ (1937–2020) यांनी 1965 मध्ये ती फोडून सांगायला घेतली. स्वरचिन्हं, विरामचिन्हं, आधुनिक हिब्रूत अर्थ आणि विवरण असं सगळं घालत हे काम 2010 मध्ये पुरं झालं. त्यांनी पानाची रूढ मांडणी मोडली, म्हणून काही कर्मठ रब्बी खवळलेही. सामान्य वाचकाला मात्र दार उघडलं ते याच कामाने.

आता कामाला लागू. सेफारिया या मोफत संकेतस्थळावर जा आणि ‘बेराखोत’ हा भाग उघडा. इंग्रजी वाचता येत असेल तर पुरे. पहिलं पान 2अ, म्हणजे दुसऱ्या पानाची पहिली बाजू, असं दिसेल. घाबरू नका, काही सुटलेलं नाही. छापील ग्रंथात मुखपृष्ठाचं पान पहिलं धरतात, म्हणून मजकूर दुसऱ्यापासून सुरू होतो.

वाचण्याआधी ठसा बघा. जाड अक्षरांत आहे तो मूळ मजकुराचा शब्दशः अनुवाद. साध्या अक्षरांत आहे ती स्टाइनसाल्ट्झ यांची भर. एकदा फक्त जाड अक्षरं वाचा. वाक्यं तुटक, जवळजवळ तारेच्या भाषेतली वाटतील. मग सगळं मिळून वाचा. मूळ किती कमी बोलतं आणि भाष्यकाराला किती भरावं लागतं, हे यातून जेवढं कळतं तेवढं कुठल्याही प्रस्तावनेतून कळत नाही. ही पायरी गाळू नका.

मग मिश्ना, म्हणजे तालमुदाचा इसवी सन 200 च्या सुमाराचा गाभा. प्रश्न साधा: संध्याकाळची ‘शमा’ प्रार्थना केव्हापासून म्हणायची? उत्तर: याजक आपला राखीव धान्यवाटा खायला घरात शिरतात तेव्हापासून. केव्हापर्यंत? इथे कागद घ्या आणि नावं मांडा. रब्बी एलिएझर म्हणतात, पहिला प्रहर संपेपर्यंत. इतर पंडित म्हणतात, मध्यरात्रीपर्यंत. रब्बान गमलिएल म्हणतात, पहाट फुटेपर्यंत. त्यांची मुलं लग्नाच्या जेवणावळीहून उशिरा परततात आणि ‘शमा म्हणायची राहिली’ असं सांगतात, तो प्रसंगही इथेच आहे. कोण बरोबर, हे ठरवायची घाई करू नका.

त्याखाली गेमारा, म्हणजे मिश्नेवरची नंतरच्या पंडितांची चर्चा, सुरू होते, आणि खरी गंमत इथे आहे. पेन्सिलीने प्रत्येक वाक्यापुढे ‘प्र’ किंवा ‘उ’ लिहा. ‘केव्हापासून’ विचारायचं, तर मुळात म्हणायची असते हे कुठून आलं? ‘निजताना आणि उठताना’ या तोरातल्या (ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातल्या) वचनातून. याजक केव्हा जेवतात? तारे उगवल्यावर. मग सरळ ‘तारे उगवल्यापासून’ का नाही म्हटलं? कारण जाता जाता याजकांबद्दलचा एक नियमही शिकवायचा होता. आपल्याकडच्या भाष्यग्रंथांतला पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही चाल ओळखीची वाटेल; फरक इतकाच, की इथे सिद्धान्त पुष्कळदा येतच नाही.

यानंतरच राशीचं भाष्य उघडा. अकराव्या शतकातला हा फ्रेंच भाष्यकार थोडक्यात बोलतो. त्याच्या मते सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनामंदिरात) वेळेआधी म्हटलेल्या शमाने कर्तव्य पुरं होत नाही. झोपताना म्हटलेली ती खरी. लगेच तोसाफोत, म्हणजे राशीनंतरच्या पंडितांच्या टिपा, बघा. तिथे त्याचाच नातू, रब्बेनू ताम, हे मान्य करत नाही. त्याच्या मते सिनेगॉगमधलीच मुख्य. आजोबा आतल्या समासात, नातू आणि त्याच्या परंपरेतले पंडित बाहेरच्या समासात, आणि मध्ये मजकूर. विल्ना शहरात छापलेल्या रूढ प्रतीत हे एका नजरेत दिसतं, म्हणून तिचं एखादं छायाचित्र शेजारी ठेवा. बाकीची तोसाफोत पहिल्या वाचनात खुशाल सोडा.

एक पथ्य. इथून धर्मनियम उचलू नका. आचरणासाठी ज्यू माणूस ‘शुल्खान आरुख’ ही धर्मनियमांची संहिता आणि त्यावरची ‘मिश्ना बेरुरा’सारखी भाष्यं बघतो किंवा रब्बीला विचारतो.

दुसऱ्या बैठकीला 3अ घ्या. रब्बी योसे जेरुसलेमच्या एका पडक्या वास्तूत प्रार्थनेला शिरतात आणि प्रेषित एलियाहू दारात थांबून राहतो, ती गोष्ट तिथे आहे. कोकणातले बेने इस्राएल मलिद्याच्या विधीत ज्याला स्मरतात तोच हा एलियाहू हन्नाबी. प्रार्थना संपेपर्यंत तो थांबतो, आणि मग पडक्या जागी शिरल्याबद्दल त्यांना चांगलाच जाब विचारतो.