साहित्याचे चित्रपटीय माध्यमांतर आणि कवितेचा अनुवाद : संशोधनात या चुका टाळा

साहित्यकृतींवर बेतलेल्या चित्रपटांचा अभ्यास आणि कवितेचा अनुवाद ही दोन कामे एकाच अभ्यासकाच्या हाती येणे हा निव्वळ योगायोग नसतो. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकबसन यांनी 1959 साली अनुवादाचे तीन प्रकार सांगितले, तेव्हा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत होणाऱ्या अनुवादाच्या शेजारीच त्यांनी शब्दांकडून चित्रपटासारख्या शब्देतर माध्यमाकडे होणारे संक्रमण मांडले होते. दोन्ही ठिकाणी अभ्यासायचे असतात ते कृती पलीकडे नेताना कोणीतरी घेतलेले निर्णय. वर्षानुवर्षे खपूनही काम उभे राहत नाही, अशी तक्रार जिथे ऐकू येते, तिथे बहुतेक वेळा ते निर्णय नीट नोंदवण्याआधीच निवाडा देऊन टाकलेला आढळतो. पुढच्या बहुतेक चुका याच सवयीतून निघतात.

‘मुळाशी किती प्रामाणिक?’ हाच प्रश्न धरून बसणे

ही सर्वांत जुनी आणि सर्वांत चिवट चूक आहे. माध्यमांतराचे अभ्यासक जॉर्ज ब्लूस्टोन यांनी 1957 मध्येच मांडले होते की दिग्दर्शकाच्या हाती कादंबरी जशीच्या तशी येत नाही, तर तिचे कथानक, पात्रे आणि प्रसंग असा कच्चा माल येतो. पुढे चित्रपट-अभ्यासक रॉबर्ट स्टॅम यांनी या चर्चेची भाषाच तपासली आणि विश्वासघात, विटंबना, भ्रष्टता असे नैतिक शब्द समीक्षेत किती सहज वापरले जातात याकडे लक्ष वेधले. तरीही नवे प्रबंध त्याच वाटेने जातात, कारण यादी करणे सोपे असते आणि माध्यमाचा विचार करणे अवघड. प्रकरणातली वाक्ये ‘कादंबरीत अमुक आहे, चित्रपटात ते गाळले आहे’ या साच्यात पडू लागली आणि शेवटी दोहोंपैकी सरस कोण हे ठरवण्यावर गाडी येऊ लागली, की प्रश्नच चुकला आहे असे समजावे. अशा वेळी आणखी संदर्भ वाचून उपयोग होत नाही. एकच बदल निवडावा आणि त्याने काय घडवले याचा शेवटपर्यंत माग काढावा.

जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचा 1950 चा ‘राशोमोन’ हा चित्रपट या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्यामागे रिउनोसुके अकुतागावा यांच्या दोन कथा आहेत. चित्रपटाचे नाव आणि पडक्या वेशीचे ठिकाण 1915 च्या ‘राशोमोन’ या कथेतून आले, तर खुनाचे प्रकरण आणि परस्परविरोधी साक्षी 1922 च्या दुसऱ्याच कथेतून आल्या. एवढी नोंद न घेतल्यामुळे चांगले निबंधही पहिल्या पानावर घसरतात. या दुसऱ्या कथेत साक्षी नुसत्या एकापुढे एक ठेवलेल्या आहेत, त्यांना जोडणारा निवेदक नाही, आणि मृत योद्ध्याच्या आत्म्याने दिलेल्या साक्षीपाशी कथा संपते. चित्रपटात मात्र लाकूडतोड्या वेशीखाली पुन्हा बोलतो, घटना आपण स्वतः पाहिल्याचे सांगतो आणि अखेरीस टाकून दिलेले तान्हे मूल घरी न्यायला निघतो. ‘दिग्दर्शकाने शेवट बदलला’ एवढे लिहून हा विषय मिटत नाही. चौकशीच्या दृश्यांत साक्षीदार कॅमेऱ्याकडे तोंड करून बसतात, न्यायाधीश कधीच दिसत नाही आणि त्याचे प्रश्नही ऐकू येत नाहीत, म्हणजे कथेने वाचकाला जिथे बसवले होते तिथेच चित्रपट प्रेक्षकाला बसवतो. मग इतके साधल्यावरही लाकूडतोड्याची वाढीव साक्ष आणि ते मूल चित्रपटाला कशासाठी लागले, हा प्रश्न उभा राहतो, आणि तो एक संपूर्ण प्रकरण पेलू शकतो.

याचे दुसरे टोकही तितकेच घातक आहे. प्रामाणिकपणाचा निकष नको म्हणून मूळ कृती वरवर चाळणाऱ्याला कोणता बदल झाला हेच कळत नाही, आणि मग त्याच्या हाती केवळ सिद्धान्ताची परिभाषा उरते.

चित्रपटाला कथानक समजणे

प्रबंधातून चित्रपटाचे नाव काढून टाकले आणि तो एखाद्या नाटकाविषयी आहे असे मानले, तरी काही फरक पडत नसेल, तर लेखकाने चित्रपट पाहिलेला असला तरी वाचलेला नाही. ज्या दृश्याविषयी लिहायचे त्याची शॉटवार नोंद वेळेसह करावी, चौकट, प्रकाश, संकलन आणि ध्वनी यांचे स्वतंत्र रकाने ठेवावेत, आणि चित्रपटाची कोणती प्रत पाहिली हे लिहावे, कारण एकाच चित्रपटाच्या कमी-अधिक लांबीच्या प्रती प्रचारात असतात. उपशीर्षकांतील मजकूर पात्राचा संवाद म्हणून उद्धृत करणे तर कटाक्षाने टाळावे. उपशीर्षक हाही एक अनुवादच असतो, आणि पडद्यावर वाचायला मिळणाऱ्या वेळेत बसवण्यासाठी तो बहुधा आखडलेला असतो.

मधल्या पायऱ्या गाळणे

कादंबरी आणि चित्रपट यांच्यामध्ये पटकथा, नाट्यरूप, अनुवाद आणि कधी कधी आधीचा चित्रपटही असतो. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची ‘देवदास’ ही कादंबरी 1917 साली प्रकाशित झाली. प्रमथेश बरुआ यांनी 1935 मध्ये तिच्यावर बंगाली आणि 1936 मध्ये हिंदी चित्रपट केला. त्या हिंदी चित्रपटाचे छायाचित्रण करणाऱ्या बिमल रॉय यांनीच 1955 मध्ये ‘देवदास’ नव्याने दिग्दर्शित केला. अशा चित्रपटाची तुलना फक्त कादंबरीशी करणारा अभ्यासक अर्धा पुरावा टेबलावरून खाली सारतो. कादंबरी आपण अनुवादातून वाचली असेल तर तेही पहिल्याच प्रकरणात स्पष्ट सांगावे.

कवितेत काय राखायचे हे न ठरवता सुरुवात करणे

कवितेचा अनुवादक सर्व काही राखू शकत नाही, हे सगळेच मान्य करतात, पण काय सोडायचे हे मसुद्याआधी ठरवणारे फार थोडे असतात. ‘मोठा अभंग’ या छंदात पहिले तीन चरण 6 अक्षरांचे आणि चौथा 4 अक्षरांचा असतो, आणि यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणाच्या शेवटी येते. दुसऱ्या भाषेत नेताना बहुतेकांचे लक्ष यमकाकडे जाते, कारण ते कानाला लगेच जाणवते. त्यापायी चौथा चरण मात्र भरीच्या शब्दांनी लांबतो. कडव्याचा ठाम विसावा त्या आखूड चरणात असतो, म्हणून माझ्या मते दोहोंपैकी एकच राखता येत असेल तर यमक सोडावे आणि आखूडपणा ठेवावा. कोणी याच्या उलट ठरवले तरी हरकत नाही, मात्र तो निर्णय सगळ्या कवितांना सारखा लावलेला हवा.

मराठीत अनुवाद करताना आणखी एक खड्डा हमखास लागतो. ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ म्हणताच बोलणाऱ्याचे लिंग उघड होते. इंग्रजी किंवा बंगाली क्रियापद ते सांगत नाही, त्यामुळे मुळात झाकलेला निवेदक अनुवादात नकळत पुरुष होऊन बसतो. मूळ कवितेने हे मुद्दाम झाकले असेल, तर ‘मी पाहिले’, ‘मला उमगले’ अशा, क्रियापद कर्त्याच्या लिंगाने न चालणाऱ्या रचनांकडे वळावे. त्या कृत्रिम वाटू लागल्या तर लिंग निवडावे आणि प्रस्तावनेत ती निवड सांगावी. मूळ भाषा न येता मधल्या भाषेवरून केलेला अनुवाद कमी प्रतीचाच असतो असे नाही, पण ती मधली भाषा लपवणे अप्रामाणिकपणाचे आहे.

हक्कांचा विचार शेवटी करणे

1886 च्या बर्न करारानुसार अनुवादाचा आणि माध्यमांतराचा हक्क मूळ लेखकाकडे असतो, आणि संरक्षणाची किमान मुदत लेखकाचे आयुष्य अधिक 50 वर्षे आहे. भारतात ती 60 वर्षे आणि युरोपीय संघात 70 वर्षे आहे. कवी मुदतीच्या पलीकडचा असला, तरी त्याच्या अलीकडच्या अनुवादाला स्वतंत्र हक्क असतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ‘ड्रॅक्युला’ या 1897 च्या कादंबरीवरून परवानगीशिवाय केलेल्या 1922 च्या ‘नोस्फेरातू’ या जर्मन चित्रपटामध्ये पात्रांची नावे बदललेली होती, तरीही लेखकाच्या पत्नीने दावा लावला आणि जर्मन न्यायालयाने 1925 मध्ये प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. संग्रह पूर्ण झाल्यावर परवानगी मागणाऱ्याला नकाराचा फटका सर्वाधिक बसतो, म्हणून पहिल्या दहाबारा कविता झाल्या की वारसांना किंवा प्रकाशकाला पत्र लिहावे.

अनुवाद आपोआप संशोधन ठरेल असे मानणे

नेमणूक आणि पदोन्नतीच्या वेळी पुष्कळ संस्था अनुवादाला शोधनिबंधाइतके वजन देत नाहीत. हे अन्यायकारक आहे, पण ते गृहीत धरूनच नियोजन करावे लागते. नियमावली आधी वाचावी आणि अनुवादाच्या कामातून निघालेला प्रश्न शोधनिबंध म्हणून वेगळा लिहावा. माध्यमांतरावरचे लेखन ‘लिटरेचर फिल्म क्वार्टरली’ हे 1973 पासूनचे किंवा ‘अ‍ॅडॅप्टेशन’ हे 2008 पासूनचे नियतकालिक अशा ठिकाणी पाठवावे, जिथे परीक्षकाला साहित्य आणि चित्रपट दोन्ही कळतात. एरवी साहित्य विभाग ‘हा चित्रपटाचा विषय’ म्हणतो, चित्रपट विभाग ‘हा साहित्याचा’ म्हणतो, आणि अर्ज मध्येच अडकतो. अनुवाद झाल्यावर आठवून लिहिलेल्या टिपणांत निर्णयांची कारणे हटकून पुसट होतात, म्हणून प्रत्येक मसुदा तारखेसह जपून ठेवावा. निवड समितीसाठी जोडायचे दोन पानी निवेदन त्याच मसुद्यांवरून लिहिता येते.