ओएसचं (ऑपरेटिंग सिस्टिमचं) प्रॅक्टिकल घेताना आधी प्रोग्रॅम बिघडू द्या

आपल्याकडे इंजिनिअरिंगला ओएसचं प्रॅक्टिकल म्हटलं की असाइनमेंट ठरलेली, एफसीएफएस (आधी येईल त्याला आधी) आणि एसजेएफ (सगळ्यात छोटं काम आधी) हे प्रोसेसचा नंबर लावायचे अल्गोरिदम सी मध्ये लिहा, बर्स्ट टाइम (प्रोसेसला लागणारा सीपीयूचा वेळ) कीबोर्डवरून टाका, वेटिंग टाइमचा अ‍ॅव्हरेज काढा आणि जर्नलला प्रिंट लावा. यात ओएस कुठंय सांगा, ही तर नुसती बेरीज-वजाबाकी झाली. पोरांना खरी प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, हाताळू द्या.

पहिल्या दिवशी फाइलींची यादी देणारं साधं एलएस एसट्रेस लावून चालवायला सांगा, एसट्रेस म्हणजे प्रोग्रॅम ओएसकडे ज्या मागण्या करतो (सिस्टिम कॉल) त्या दाखवणारं टूल. एका छोट्या कमांडमागे केवढे सिस्टिम कॉल जातात ते स्क्रीनवर धडाधड येतं, मग सिस्टिम कॉलची व्याख्या लिहून द्यायची गरजच राहत नाही.

मग फोर्क, म्हणजे चालू प्रोसेसची (पेरेंट) दुसरी प्रत (चाइल्ड) काढणारा कॉल. चाइल्ड लगेच एक्झिट करेल आणि पेरेंट वेट (संपलेल्या चाइल्डचा निकाल घेणारा कॉल) न करता ६० सेकंद झोपेल असा प्रोग्रॅम लिहून घ्या, दुसऱ्या टर्मिनलवर पीएस (प्रोसेसची यादी देणारी कमांड) बघा, चाइल्डपुढे झेड दिसतो, तोच झोंबी. त्याला किल मायनस नाइन (प्रोसेस जबरदस्तीनं बंद करायची कमांड) मारून बघा म्हणावं. जात नाही, कारण तो आधीच मेलाय, फक्त प्रोसेस टेबलमधली नोंद उरलीय आणि ती पेरेंटनं वेट केल्यावर किंवा पेरेंट स्वतः संपल्यावरच जाते. हे सगळं लिनक्सच्या व्हर्च्युअल मशिनमध्येच करा आणि आधी प्रोसेसची लिमिट लावून ठेवा, कोणीतरी फोर्क लूपमध्ये टाकतंच आणि मशिन जाम होतं.

सगळ्यात जास्त वेळ द्या रेस कंडिशनला. दोन थ्रेड (एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारे दोन प्रवाह), दोघांना सामाईक एक ग्लोबल काउंटर, प्रत्येकानं तो १० लाख वेळा एकानं वाढवायचा. उत्तर २० लाख यायला हवं, येतं कमीच आणि दर वेळी वेगळं. लगेच म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं लॉक) सांगू नका, दहा मिनिटं डोकं खाजवू द्या. मग फळ्यावर मांडा की वाढवणं म्हणजे वाचा, एक मिळवा, परत लिहा अशा तीन पायऱ्या, दोघांनी ४१ वाचलं तर दोघं ४२ च लिहिणार, एक वाढ गेली. दोन गोष्टी मात्र आधी तपासा. कंपायलरचं ऑप्टिमायझेशन बंद हवं, नाहीतर तो अख्ख्या लूपची एकच बेरीज करून टाकतो आणि चूक दिसतच नाही, आणि व्हर्च्युअल मशिनला निदान २ कोअर द्या.

शेवटचे ४-५ आठवडे एक्सव्ही६ वर घाला. एमआयटीनं २००६ मध्ये शिकवण्यासाठीच केलेली छोटी ओएस आहे, आता रिस्क-फाइव्ह या प्रकारच्या प्रोसेसरसाठी आहे, साध्या लॅपटॉपवर क्यूएमूमध्ये (दुसऱ्या मशिनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) चालते. टूलचेन (त्या प्रोसेसरसाठीचा कंपायलर वगैरे) आदल्या दिवशीच सगळ्या मशिनवर टाकून ठेवा. त्यात २१ सिस्टिम कॉल आहेत, २२ वा पोरांकडून घालून घ्या. नंबर एका फाइलमध्ये, टेबलातली एंट्री दुसरीकडे, खरं फंक्शन तिसरीकडे, युजर साइडचं डिक्लेरेशन आणखी कुठं, असं फिरताना युजर मोड (साधे प्रोग्रॅम चालतात तो) आणि कर्नल मोड (ओएसचा गाभा चालतो तो) यांच्यामधला रस्ता पोरं स्वतः चालून येतात. टेस्टचा प्रोग्रॅम मेकफाइलमध्ये (काय काय कंपाइल करायचं त्याची फाइल) टाकायचा हमखास राहतो आणि एक्झेक फेल्ड (प्रोग्रॅम चालू करता आला नाही) असं येतं, तेव्हा सांगू नका, शोधू द्या.

व्हायवाला व्याख्या विचारण्यापेक्षा पोराला त्याच्याच कोडमधली लॉकची ओळ खोडायला लावा, आणि रन करायच्या आधी काय होईल ते विचारा. आकडा चुकला तरी कारण बरोबर सांगितलं तर मी पूर्ण मार्क देतो.